तिसरी, पाचवी, आठवी

सकाळी अंघोळीचे पाणी काढले, की प्रमिलाबाई आधी त्यात स्वतःचे मनगट बुडवून पाहत आणि मगच नवऱ्याला हाक मारत. उत्तमराव तोडकरांच्या उजव्या हाताला ऊन आणि गार यांतला फरक कळत नव्हता. हिवाळ्यात एकदा तो हात कढत पाण्याच्या बादलीत तसाच राहिला होता, आणि कातडी लाल झालेली दिसली तेव्हाच ते दोघांच्या लक्षात आले होते. तेव्हापासून ही पद्धत पडली. अंघोळ झाली, की त्या तो हात कोरडा करत, बोटे एकेक करून पुसत, कोपरात वाकवून गळ्यातल्या झोळीत ठेवत आणि पायजम्याची नाडी बांधत. खांद्याजवळच्या नसांचा जुडगा मुळातून उपटला गेल्यामुळे तो हात पुन्हा हलणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. हाताचा रंग, नखे, केस सारे जागच्या जागी होते. फक्त तो फार जड झाला होता.

त्या दिवशी नाडीची गाठ मारून होते न होते तोच दारातून आवाज आला. "वहिनी, हाय का कोण घरात?"

धाकटे दीर हिंदुराव होते. अपघातानंतर त्यांनी वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली होती. जिना उतरून आले, तरी ते आता दारातच थांबत.

"या की भाऊजी. बसा."

"बसत न्हाई. अर्जाची मुदत संपत आली, एवढंच सांगायला आलो."

आतून उत्तमरावांनी विचारले, "कोण आलंय?"

"भाऊजी आलेत."

"चहा दे आणि लाव वाटेला."

"ऐकलं मी," हिंदुराव म्हणाले.

"ऐकावं म्हणूनच बोललो."

प्रमिलाबाई चहा ठेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा हिंदुराव चपला घालत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, अर्ज तुमी किंवा दादानं करायचाय. माझ्या हातात असतं तर कवाच केला असता. काय व्हायचं ते होऊ दे. पण हे असं जिन्यावरनं चढायचं-उतरायचं आता होत न्हाई मला. येत्या खंडेनवमीपर्यंत निकाल लागला तर ठीक. न्हाईतर वाटणी करू आणि मी सांगलीला जातो."

"आणि शेडमधल्या कॉम्प्युटरचे दोन तुकडे कसे करणार?"

"तो तुमाला. मला लेथ द्या जुनं."

त्यांनी चहा घेतला नाही. प्रमिलाबाईंनी तो कप उचलून स्वतःच पिऊन टाकला. चहात साखर घालायची राहिली होती, हे त्यांना कप रिकामा झाल्यावर जाणवले.

*

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या तोडकरांच्या शेडमध्ये पंपाची बिडाची कवचे कातली जात. दोन स्वयंचलित कातयंत्रे, त्यांच्यामध्ये कवच उचलून देणारा-घेणारा एक रोबो, आणि या तिघांना चालवणारा एकच कॉम्प्युटर, अशी ती रचना होती. रोबोच्या तोंडाशी दोन पिवळे खांब होते. त्यांच्यामधून न दिसणाऱ्या किरणांच्या आडव्या ओळी एका खांबातून दुसऱ्यात जात. शेडमध्ये त्याला पडदा म्हणत. एखादा किरण तुटला, म्हणजे माणूस आत आला असे समजून रोबोने जागच्या जागी थांबायचे, हा त्या पडद्याचा हेतू.

कॉम्प्युटर एक होता, पण त्यात यंत्र चालवणाऱ्या प्रणालीच्या तीन आवृत्त्या होत्या. अशी वेळ यावी यात नवल काही नव्हते. पंप विकत घेणाऱ्या कंपन्या एकदा ज्या आवृत्तीवर तयार झालेला भाग तपासून मान्य करत, त्याच आवृत्तीवर तो पुढेही बनवला जावा असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे नवी आवृत्ती आली, तरी जुनी पुसता येत नसे. पूर्वी याकरिता वेगवेगळे कॉम्प्युटर ठेवावे लागत. पुढे एकाच कॉम्प्युटरमध्ये स्वतंत्र कप्पे करण्याची युक्ती निघाली. प्रत्येक कप्प्यातल्या आवृत्तीला स्वतःचे घड्याळ, स्वतःची स्मृती आणि पडद्याकडून येणाऱ्या संदेशाची स्वतःची प्रत मिळे. प्रत्येकीची समजूत अशी, की यंत्र आपणच चालवत आहोत. प्रत्यक्षात ताबा एकीकडेच असे. बाकीच्या जाग्या राहून हुकूम सोडत, पण ते हुकूम मोटारींपर्यंत न पोचता नुसते साठवले जात. एकीकडून दुसरीकडे ताबा देताना यंत्र बंद करावे लागू नये, एवढ्याच सोयीसाठी हे जागरण होते.

या सोयीतून दुसरेच काहीतरी निघाले. एखादा अपघात झाला, की ताबा नसलेल्या आवृत्त्यांनी त्या क्षणी काय हुकूम सोडला होता, हे तंतोतंत कळू लागले. 'असे केले असते तर' हे वाक्य माणसे पूर्वी नुसते म्हणत. आता त्याचे उत्तर कॉम्प्युटरमध्ये तयार असे. विमा कंपन्यांनी ते मागायला सुरुवात केली, मग कायदा झाला. प्रत्येक अपघातानंतर ते हुकूम मोहोरबंद होत. जखमीने किंवा त्याच्या पती-पत्नीने वर्षाच्या आत अर्ज केला तर ते उघडायचे, नाहीतर पुसून टाकायचे.

बहुतेकांनी अर्ज केले. एका गावात बसच्या चालकाला कळले, की त्याने सकाळी नाकारलेल्या आवृत्तीने वळणावर ब्रेक लावला असता. त्या दिवसापासून त्याने घरात कुणाशी बोलणे सोडले. एका डॉक्टरीणबाईंना कळले, की त्यांनी निवडले तेच बरोबर होते, आणि रोग्याच्या मुलाला कळले, की तरीही उपयोग झाला नसता. तो मुलगा म्हणे दर महिन्याला दवाखान्यात येऊन त्यांच्यासमोर नुसता बसून जाई. माणसे हळूहळू निवड करायचीच टाळू लागली. कॉम्प्युटर सुरू करताना जी आवृत्ती समोर येईल ती राहू द्यायची, म्हणजे पुढे दोष द्यायला आपली निवड उरत नाही.

तोडकरांकडे मात्र निवडीची रीत होती, आणि ती थोरल्या तोडकरांनी, म्हणजे उत्तमराव-हिंदुरावांच्या वडिलांनी, आण्णांनी घालून दिली होती. ताबा बदलताना कॉम्प्युटरशी असलेल्या माणसाने आवृत्तीचे नाव मोठ्याने पुकारायचे. यंत्रापाशी जेवढी माणसे असतील तेवढ्यांनी ते नाव उलट म्हणायचे. सगळ्यांचे म्हणून झाले, की मगच बटण दाबायचे. नावेही साधी होती. तिसरी, पाचवी, आठवी. आण्णा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले होते. आठवी बसवली त्या दिवशी हिंदुराव म्हणाले होते, "चला, मशीन तरी बापाच्या पुढं गेलं."

*

तिसरी आण्णांच्या काळातली. खंडेनवमीला यंत्र धुऊन-पुसून त्याला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि हार तसाच असताना मुहूर्ताचा एक पितळी तुकडा कातायचा, ही त्यांची प्रथा. हार दोन खांबांवरून सोडला, की किरण तुटत आणि रोबो हलत नसे. म्हणून आण्णांनी त्या वेळच्या तंत्रज्ञाकडून तिसरीत एक सोय करून घेतली. पूजेचे बटण दाबले, की हाराच्या उंचीचे किरण ती मोजत नसे. बाकीचे मोजत असे. वर्षातून एकदा, एका तुकड्यापुरती ती सोय होती.

पाचवीत अशी सोय नव्हती. ती फार कडक होती. थंड तेलाचा फवारा उडाला तरी थांबे, पाखरू आडवे गेले तरी थांबे, आणि थांबण्याआधी रोबोला उचकी लागल्यासारखा एक हिसका देई. एकदा थांबली, की माणसाने चक्कर मारून बटण दाबेपर्यंत पुढे सरकत नसे. उत्तमरावांना ती मुळीच खपत नव्हती. "रडकी हाय ही. हिला फडकं द्या डोळं पुसायला," असे म्हणून त्यांनी दोन हंगामांतच तिच्यावरचे काम बंद केले. एका जुन्या गिऱ्हाइकाचा भाग तिच्यावर मान्य झालेला होता म्हणून ती कप्प्यात राहिली, एवढेच.

आठवी प्रमिलाबाईंनी आणली. त्यांनी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली होती, आणि लग्नानंतर शेडमधला कॉम्प्युटर त्यांच्याकडेच आला होता. आठवी शिकणारी होती. पाखरू कोणते आणि हात कोणता, हे ती अनुभवाने ओळखत असे. तिच्यावर काम वेगाने होई आणि उगीच थांबत नसे. मुहूर्ताचा तुकडा झाला, की ताबा आठवीकडे द्यायचा, हे तेव्हापासून ठरून गेले होते.

गेल्या खंडेनवमीला तसे झाले नाही. मुहूर्ताचा तुकडा निघाला. उत्तमराव शेजारच्या शेडमध्ये पेढे द्यायला गेले. हिंदुरावांची कवचे अडली होती आणि न्यायची गाडी बाहेर येऊन उभी होती. ते म्हणाले, "वहिनी, तेवढी पाच-सहा तिसरीवरच जाऊ देत. बदलायचं म्हटलं की परत पहिल्या कवचाची मापं बघत बसा." प्रमिलाबाईंनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि त्या नारळाचे तुकडे करायला वळल्या. ताबा बदलला नाही, म्हणून पुकाराही झाला नाही, आणि पूजेचे बटण तसेच दाबलेले राहिले. उत्तमराव परत आले तेव्हा हाराचा दोरा सैल होऊन हार रोबोच्या वाटेत लोंबत होता. आपण नव्हतो तेव्हा पुकारा होऊन आठवी लागलीच असेल, असे त्यांनी धरले. हार वर घेण्यासाठी त्यांनी हाराच्याच उंचीवरून हात आणि खांदा आत घातला.

त्यानंतर वर्षभर उत्तमराव एकच वाक्य बोलत होते. आठवी असती तर हात गेला नसता. आणि ते नेहमी हिंदुरावांना उद्देशून असे. बटण कुणाच्या हाताखाली होते, याविषयी त्यांनी एकदाही शब्द काढला नव्हता. प्रमिलाबाईंना त्याचे कारण कळत होते. जी बाई रोज आपली नाडी बांधते, तिला दोष देऊन माणूस दिवस कसा काढणार? प्रमिलाबाईंच्या वाट्याचा दोषही हिंदुरावच वर्षभर वाहत होते, आणि त्यांनीही ते कधी बोलून दाखवले नव्हते.

*

रात्रीचे जेवण उत्तमराव लवकर, दिवेलागणीलाच घेत. डाव्या हाताने भाकरी मोडणे त्यांना जमू लागले होते, पण कुणी पाहत असले की जमत नसे. म्हणून प्रमिलाबाई ताट वाढून ओट्याकडे तोंड करून उभ्या राहत.

"अर्ज करू का?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारले.

"कसला?"

"दुसऱ्या दोघींचं उघडायचा."

वाटी सरकल्याचा आवाज आला.

"कर की. मला काय भ्या हाय का? आठवीनं थांबवलं असतं हे मला म्हाईत हाय. सरकारी माणसानं सांगितलं म्हणजे त्याला पण कळंल."

"आणि मग?"

"मग काय? जाऊ दे की सांगलीला."

"तुमचे भाऊ आहेत ते."

"म्हणून तर एवढं दिवस वर राहू दिला."

प्रमिलाबाईंनी वळून पाहिले. उजवा हात झोळीतून निसटून मांडीवर पडला होता आणि त्याच्या बोटांना आमटी लागली होती. उत्तमरावांना ते कळले नव्हते. प्रमिलाबाईंनी ओल्या फडक्याने बोटे पुसली, हात परत झोळीत ठेवला. आठवीने थांबवले असते असे निघाले, तर हे वाक्य भावावरून सरकत सरकत एक दिवस आपल्यापर्यंत येईल, हे त्यांना दिसत होते. त्याची भीती वाटायला हवी होती. त्यांनी ती शोधून पाहिली, आणि ती नेहमीच्या जागी नव्हती. उद्या गव्हाचे पीठ आणायचे आहे हा विचार जसा मनात येतो, तसाच तोही आला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अर्ज केला.

*

यंत्रसुरक्षा कार्यालयाकडून आलेल्या निरीक्षक निलोफर मुजावर या मध्यम वयाच्या, मोजके बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी शेडचा दरवाजा आतून बंद करायला सांगितला, मग रोबोभोवतीचे जाळीचे कुंपण स्वतः हलवून पाहिले.

"पद्धत सांगते," त्या म्हणाल्या. "कागदावर उत्तर दिलं की लोक वाचत बसतात आणि भांडतात. म्हणून आम्ही ते यंत्रावरच दाखवतो. त्या दिवशी प्रत्येक आवृत्तीने जे हुकूम सोडले, तेच आता रोबोला देणार. वेग कमी ठेवलाय. पडदा बंद आहे, त्यामुळे नवीन काही घडणार नाही. जे होतं तेवढंच दिसेल. कुंपणाच्या आत कुणी यायचं नाही."

"कुठली कुठली ते कळणार का?" हिंदुरावांनी विचारले.

"क्रम मी ठरवलेला नाही, कॉम्प्युटर ठरवतो. कुठली चालू आहे ते फक्त अर्जदाराला मॉनिटरवर दिसेल. इतरांना सांगायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. कायदा त्यात पडत नाही."

प्रमिलाबाई कॉम्प्युटरशी बसल्या. मुजावरबाईंनी मॉनिटरला तिन्ही बाजूंनी काळे कापड लावले. उत्तमराव कुंपणाशी खुर्ची घेऊन बसले, हिंदुराव त्यांच्यापासून लांब, कवचांच्या राशीशी उभे राहिले. गेल्या वर्षी उत्तमरावांचा खांदा जिथे होता, तिथे मुजावरबाईंनी एका लोखंडी स्टँडवर लाल फीत बांधली होती.

रोबो निघाला. उजवीकडच्या यंत्राकडून वळला, सावकाश लाल फितीपर्यंत आला, फीत ढकलत तसाच पुढे गेला. स्टँड पडल्याचा आवाज झाला. हिंदुरावांनी मान खाली घातली.

"तिसरी," उत्तमराव म्हणाले.

मुजावरबाईंनी वीज तोडली, आत जाऊन स्टँड उभा केला, परत बाहेर आल्या. रोबो दुसऱ्यांदा निघाला. वळला, फितीपर्यंत आला, आणि त्याच चालीने, त्याच उंचीवरून फीत ढकलून पुढे गेला. स्टँड पुन्हा पडला.

काळ्या कापडाआड प्रमिलाबाईंसमोर आठचा आकडा होता.

त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मुजावरबाई वाकून त्यांच्यापुरतेच बोलल्या, "तुमच्या पूजेचे किती वर्षांचे संदेश हिच्या स्मृतीत आहेत ते बघा. ताबा तिसरीकडे असायचा, पण ही जागीच होती. खांबाच्या मध्ये काहीतरी लोंबतंय आणि रोबो त्याच्याजवळून जातोय, कुणाला काही होत नाही, हे हिने दर वर्षी पाहिलं. शिकणारी होती, शिकली. त्या उंचीवर काही आलं तर तो हार, असं तिनं धरलं. तिला झोपवून ठेवायला हवं होतं पूजेला."

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "झोपवता आलं असतं. एक बटण होतं."

तिसऱ्यांदा रोबो निघाला. वळला. फितीच्या बराच अलीकडे त्याला उचकी लागल्यासारखा हिसका बसला, आणि तो थांबला. हवेत तसाच राहिला. लाल फीत हललीसुद्धा नाही.

"बघितलंस?" उत्तमराव भावाकडे न बघता म्हणाले. "बघितलंस न्हवं? थांबली. वर्षभर काय सांगायलोय मी? आठवी."

हिंदुराव राशीवरच्या एका कवचावर बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "व्हय दादा. बघितली." मग प्रमिलाबाईंकडे वळून, "वहिनी, तुमी सांगू नका. दिसलं मला. मी उद्या वाटणीवर सही करतो. लेथ पण नको."

"लेथ घेऊन जा. मला काय एका हातानं चालवायचंय ते?"

"राहू दे म्हटलं न्हवं."

मुजावरबाईंनी प्रमिलाबाईंकडे पाहिले आणि मग नजर दुसरीकडे वळवली. काही सांगणे कायद्याने आवश्यक नव्हते. काळ्या कापडाआडचा पाचाचा आकडा प्रमिलाबाईंनी एक बटण दाबून पुसला असता तर उत्तमरावांचे वाक्य त्यांच्याकडे राहिले असते. त्या वाक्यावरच ते वर्षभर उठत-बसत होते. ते काढून घेतले तर त्या जागी काय ठेवायचे, हे प्रमिलाबाईंना माहीत नव्हते. आणि न काढावे तर हिंदुराव सांगलीला जाणार होते, आपला दोष आणि वहिनीचाही दोष बरोबर घेऊन. त्यांनी दोन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला. कोणतीच मनाला लागली नाही. फक्त एवढे आठवले, की त्या दिवशी पुकारा राहून गेला होता.

त्या उठल्या. ताबा बदलताना ज्या स्वरात शेडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे म्हणत, त्याच स्वरात म्हणाल्या, "पाचवी."

"काय म्हणालीस?" उत्तमरावांनी विचारले.

"पाचवी," त्या पुन्हा तशाच म्हणाल्या. "आठवी दुसऱ्या फेरीला होती. ती थांबली नाही."

शेडची रीत अशी होती, की नाव पुकारले म्हणजे यंत्रापाशी असलेल्या प्रत्येकाने ते उलट म्हणायचे, आणि सगळ्यांचे म्हणून होईपर्यंत पुढे काही करायचे नाही. प्रमिलाबाई उभ्या राहिल्या.

"पाचवी," हिंदुराव म्हणाले.

उत्तमराव हवेत थांबलेल्या रोबोकडे पाहत होते. तो हिसका त्यांनी ओळखला होता की नाही, हे पुढे कधीच कळले नाही. शेडमधल्या इतर कुणाहीपेक्षा त्यांनी त्याची नक्कल जास्त वेळा केली होती; जेवताना घास थांबवून, खांदा उडवून, सगळ्यांना हसवत.

मुजावरबाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही. त्या भिंतीला टेकून थांबल्या.

पुष्कळ वेळाने उत्तमराव म्हणाले, "पाचवी."

मग ते उठले, कुंपणाच्या फाटकाशी आले आणि मुजावरबाईंकडे पाहिले. बाईंनी वीज तोडली, स्विचला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि फाटक उघडले. उत्तमराव आत गेले. लाल फितीशी उभे राहून त्यांनी डाव्या हाताने उजवा हात झोळीतून काढला, उचलला आणि थांबलेल्या रोबोच्या पंजावर ठेवला. तो तिथे ठरेना. एकदा घसरला, त्यांनी पुन्हा ठेवला.

"गार हाय का?" त्यांनी विचारले.

हिंदुराव फाटकातून आत गेले. त्यांनी रोबोच्या पंजाला हात लावून पाहिला.

"न्हाई दादा. कोमट हाय. मोटार तापलीय."

"बरं."

मग हिंदुरावांनी तो हात खालून धरला, कोपरात वाकवला आणि झोळीत ठेवला. त्यांना त्याची सवय नव्हती. अंगठा बाहेर राहिला. प्रमिलाबाईंनी तो लांबून पाहिला आणि नीट करायला त्या गेल्या नाहीत.

*

वाटणी झाली नाही. समेट झाला असेही म्हणता येणार नाही. हिंदुरावांची चूल वरच राहिली, पण ते दारात थांबेनासे झाले. आत येत, बसत, चहा घेत. उत्तमरावांकडे आता बोलायला वाक्य नव्हते, म्हणून ते बहुधा गप्प असत. प्रमिलाबाई सकाळी पाण्यात मनगट बुडवत आणि हाक मारत.

खंडेनवमीला यंत्रे धुतली. हिंदुरावांनी हार आणला आणि तो हातात घेऊन खांबांशी उभे राहिले. "घालू का?" त्यांनी विचारले. "का राहू दे औंदा?"

"घाल," उत्तमराव म्हणाले. "आण्णांची पद्धत हाय."

हार घातला. नारळ फुटला. आठवीला झोपवले, तिसरीचे पूजेचे बटण प्रमिलाबाईंनी आधीच काढून टाकले होते. त्या कॉम्प्युटरशी बसल्या आणि काय पुकारायचे म्हणून वळून पाहिले.

"रडकी लाव," उत्तमराव म्हणाले.

"पाचवी," त्यांनी पुकारले. दोघा भावांनी नाव उलट म्हटले. त्यांनी बटण दाबले.

रोबो पितळेचा तुकडा घेऊन वळला, हाराच्या अलीकडे त्याला हिसका बसला आणि तो थांबला. पिवळा दिवा लागला. मुहूर्त टळत होता. वाऱ्याने हार थोडा हलला.

हिंदुराव पुढे झाले. "काढू का हार? तेवढा तुकडा निघून जाईल."

उत्तमरावांनी खुर्ची ओढून घेतली. ते तिच्यावर बसले, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर सारखा केला.

"घाई हाय का कुणाला?" ते म्हणाले. "थांबू दे."